भरतातली चारी

माझ्या मोबाइलमध्ये एक ४२ सेकंदांचा व्हिडिओ आहे. चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी आमच्या मळ्यात भरताची पंगत होती, त्या दिवशीचा. सुरुवातीला नुसता धूर. कपाशीच्या काड्यांचा जाळ बसत आलेला, निखाऱ्यांवरची वांगी काळी पडून कडेने रस सोडायला लागलेली, आणि चुलतभावाचा हात एकेक वांगं चिमट्याने उलटं करतोय. बामणोदची वांगी मीच जळगावहून पिशवी भरून नेली होती, म्हणून शूटिंगचा मानही माझाच. मग मोबाइल नानांकडे वळतो. नाना मांडी घालून बसलेत, पुढ्यात लाकडाची बडगी, त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण. ठेचता ठेचता ते थांबतात, मिठाच्या डब्याकडे हात करतात आणि म्हणतात, "ती चारी दे." कुणाला कळत नाही. नाना पुन्हा म्हणतात, "चारी दे ना भो. चारी." यावर चुलतभाऊ ओरडतो, "नाना, भरीतमा चारी काढतस का?" आणि सगळा मळा हसायला लागतो. नाना स्वतःच्या हाताकडे बघतात. मग तेही हसतात, पण सगळ्यांच्या नंतर. एखादा क्षणच उशीर, पण उशीर.

त्या व्हिडिओत सगळ्यात मोठ्याने हसलेला आवाज माझा आहे.

नाना म्हणजे आमचे वडील. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमचं गाव. नाना बावीस वर्षं फडाचे पाटकरी होते. फड म्हणजे एका बंधाऱ्याच्या पाण्यावर मिळून भिजवायच्या वावरांचा गट, आणि पाटकरी म्हणजे ते पाणी वाटून देणारा. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, चारीतून वावरात पाणी जातं. आज कोणाचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, उद्या कोणाचं, कोणाच्या वावरात किती वेळ पाणी खेळलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वहीबिही नाही. रात्री दोन वाजता कंदील आणि फावडं घेऊन निघालेले नाना मला आठवतात. परत येत तेव्हा त्यांच्या पायांना पाटाच्या गाळाचा वास यायचा, थोडा कुजकट, थोडा गोडसर. माय म्हणायची, या माणसाने माझ्यापेक्षा पाटाचा संसार जास्त केला. तेव्हा मिठाच्या जागी 'चारी' हा शब्द आला याचं कोणाला काही वाटलं नाही. नाना फिरक्या घेणारा माणूस. आम्हाला वाटलं, घेतली एक. दहा मिनिटांत ते नीट बोलायला लागले, कळण्याच्या दोन भाकरी आणि वाटीभर भरीत खाल्लं, वर कांद्याची पात चावत 'औंदा वांगामा दम नई' असा शेरा मारला. मी जळगावला परत आले. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

बाराव्या दिवशी सकाळी नानांच्या उजव्या हातातून चहाचा ग्लास सुटला. ग्लास पडला याचं मायला काही वाटलं नाही, पण तो उचलायला नाना वाकले नाहीत, नुसते बघत राहिले, याचं वाटलं. ओठाची उजवी बाजू खाली आली होती. गावात याला 'वारं गेलं' म्हणतात. अंगावरून वारं जाणं. लहानपणी मला हे शब्द फार सुंदर वाटायचे, एखादी झुळूक माणसाला स्पर्शून पुढे गेली असं काहीतरी. गल्लीतल्या एका शहाण्याने कबुतराचं रक्त चोळायचं सुचवलं. मायने त्याला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दादाने गाडी काढली आणि नानांना धुळ्याला नेलं. मी जळगावहून पोचले तोवर दुपार झाली होती. ओठ बराचसा जागेवर आला होता, हातात मात्र जोर नव्हता, आणि बोलताना शब्दाआधी एक पोकळी यायची. विहिरीत बादली सोडली आणि पाण्याला लागायला वेळ लागला की वाटतं तशी पोकळी.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हा दोघा भावंडांना विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं? थोडा वेळ शब्द सापडत नाही, एका शब्दाच्या जागी भलताच येतो?" दादा म्हणाला, नाही. मीही म्हणाले, नाही. खोटं बोलत नव्हते. खरंच आठवलं नाही. रात्री वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर बसले होते, झोप येईना म्हणून मोबाइलमधले फोटो मागे मागे सरकवत होते, तर धूर आला. बडगी आली. मी आवाज बंद करून बघितलं आणि मला नानांचं ते स्वतःच्या हाताकडे बघणं दिसलं. हसण्याच्या आवाजात ते दिसलंच नव्हतं.

सकाळी डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकदा बिनआवाजाचा बघितला, एकदा आवाजासकट. म्हणाल्या, "हा पहिला इशारा होता. रक्त थोडा वेळ अडलं आणि परत सुरू झालं. असा इशारा मिळाला की पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. तेव्हाच गोळ्या सुरू करता आल्या असत्या." मोठा झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. बस, एवढंच. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला दोन-तीन पांढरे ठिपके होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. मानेपासून वरच्या रक्तवाहिन्यांचाही फोटो काढला होता, त्यात खरं दुखणं दिसलं. मेंदूच्या डाव्या अर्ध्यातल्या बऱ्याचशा भागाला रक्त देणारी जी मधली मोठी धमनी, ती कवटीच्या आत एका जागी आवळल्यासारखी झाली होती. ८० टक्के अरुंद. मुळात ती वाहिनीच तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे उरलेली वाट किती ते बघा. बोलणं आणि उजवा हात, दोन्ही तिच्याच पाण्यावर. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, आणि ऑक्सिजन खातो पाचवा हिस्सा. हे ऐकून नाना म्हणाले, "उसासारखा शे मंग." डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, गावात पाण्यावरून भांडण व्हायचं ते उसावरूनच. कारणं नेहमीचीच होती. वीस वर्षांचं ब्लडप्रेशर, त्याच्या गोळ्या 'बरं वाटतंय' म्हणून अधूनमधून बंद, आणि चुना लावून मळलेली तंबाखू. भिंतीत चरबीचा थर बसत गेला होता. हृदयाच्या वाहिन्यांत बसतो तोच थर. आपल्याकडच्या, एकूणच आशियातल्या लोकांत तो कवटीच्या आतल्या वाहिन्यांत जास्त आढळतो म्हणे.

दादाचं धुळ्याला ठिबकचं दुकान आहे. त्याने फोटो बघितला आणि त्याला सगळं समजलं. निदान त्याला तसं वाटलं. क्षार बसून ड्रीपर चोक होतात, मग आपण ॲसिड सोडतो, नाही निघालं तर नळी बदलतो. "मामांच्या हार्टमध्ये दोन स्टेंट टाकल्या, चौथ्या दिवशी मामा मोटरसायकलवर. नानांना टाकून टाका. पैशाचं मी बघतो, कांदा विकला गेला आहे." मीही मान हलवली. मला तर घाईच झाली होती. बारा दिवस वाया घालवणारी मी होते. काहीतरी कापलं जावं, टाकलं जावं, बसवलं जावं, त्याची पावती हातात यावी, असं मला वाटत होतं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी जाणं म्हणजे पुन्हा हसण्यावारी नेण्यासारखं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, आधी औषधं. दादाचा आवाज चढला. मग त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे दोन आकडे लिहिले. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे: १४.७ आणि ५.८. अमेरिकेत याच दुखण्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला औषधं आणि स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी धरणारी धातूची जाळी, दुसऱ्याला फक्त औषधं, पण ती कडक शिस्तीत. 'सॅम्प्रिस' त्या अभ्यासाचं नाव. सगळ्यांना वाटत होतं स्टेंटवाले जिंकणार. ४५१ रुग्ण झाल्यावर २०११ मध्ये नवीन रुग्ण घेणं थांबवावं लागलं, कारण पहिल्या ३० दिवसांतच स्टेंटच्या गटात १४.७ टक्के लोकांना झटका आला किंवा ते दगावले, औषधाच्या गटात ५.८ टक्के. "हृदयाची वाहिनी जाड असते, स्नायूवर टेकलेली असते," त्या म्हणाल्या. "ही भिंतीने पातळ, आणि पाण्यात तरंगल्यासारखी असते. तार जरा चुकली तर फाटते. मामांचं उदाहरण इथे चालत नाही."

दादा गप्प झाला पण पटलं नव्हतं. मलाही नव्हतं पटलं. अरुंद आहे ते रुंद केल्यावर वाईट कसं होईल?

तेव्हा पलंगावरून नानांनी विचारलं. शब्द शोधत, थांबत, पण विचारलं. "मॅडम, तुम्ही पाट रुंद कराले जाशात. गाळ कुठे जाईन? तो बाजूलेच दाबला जाईन ना? मंग त्याच्या चाऱ्या... चाऱ्यांची तोंडं बुजली तं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या आणि नानांशीच बोलायला लागल्या, आमच्याकडे पाठ करून. त्या मधल्या धमनीच्या अंगावरून केसासारख्या बारीक वाहिन्या निघतात आणि मेंदूच्या आतल्या भागात जातात. हातापायाची हालचाल नेणाऱ्या तारा तिथेच एकवटलेल्या. स्टेंट फुगून भिंतीला टेकला की थर बाजूला ढकलला जातो, आणि कधीकधी याच वाहिन्यांची तोंडं बुजतात. मोठी वाट मोकळी आणि माणूस लुळा. स्टेंटच्या गटातल्या बऱ्याच झटक्यांचं कारण हेच होतं. "बाबा, तुम्ही काय काम करायचे?" त्यांनी विचारलं. नानांना 'पाटकरी' शब्द आठवला नाही. त्यांनी चादरीवर बोटाने एक लांब रेघ काढली आणि तिला दोन्ही बाजूंनी फाटे फोडले. डॉक्टर बघत राहिल्या. मी तिथून उठून पाणी प्यायला गेले.

तर गोळ्या. रक्त पातळ करणाऱ्या दोन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, तीन महिने, चरबीची एक, तीही भरभक्कम, प्रेशरच्या दोन. तंबाखू बंद. या शेवटच्या दोन शब्दांवर आमच्या घरात जे झालं त्याची वेगळी कहाणी होईल. मायने डबीत चुन्याऐवजी बडीशेप भरून ठेवली, नानांनी ती डबी पाटात फेकली, मग तीन दिवस अबोला. मी रोज रात्री साडेआठला जळगावहून फोन करायची आणि त्यांना वाराची, नातवंडांची, गावच्या फडांची नावं विचारायची. परीक्षाच ती. नाना वैतागायचे. एकदा म्हणाले, "पोरी, तू फोन करस का पंचनामा करस?" ते वाक्य न अडखळता आलं म्हणून मला इतका आनंद झाला की त्यातला राग मला दुसऱ्या दिवशी कळला.

होळीनंतरच्या आठवड्यात, सगळ्या गोळ्या वेळेवर चालू असताना, माय पदरात मोजून देत असताना, तिसऱ्यांदा झालं. या वेळी हात पुरा गळाला आणि शब्द जवळजवळ सगळेच गेले. दोन दिवसांनी थोडे परत आले, पण कसे, तर अहिराणी आधी. डॉक्टर मराठीत विचारत तेव्हा नाना भिंतीकडे बघत. मी वस्तू हातात घेऊन "नाना, हाई काय शे?" असं विचारलं की निम्म्या वेळा तरी उत्तर यायचं. आयुष्यभर कचेरीत, बँकेत, इंजिनीअरसमोर नानांनी जपून मराठी वापरली. आम्हाला शाळेत अहिराणी बोललो म्हणून छडी बसली होती, मी तर कॉलेजात गेल्यावर ती लपवायलाच शिकले. आणि आता वॉर्डात, नर्सपुढे, मोठ्याने हेल काढून मी तीच बोलत होते, कारण त्या वाटेने थोडं पाणी येत होतं.

धुळ्याच्या डॉक्टर म्हणाल्या, आता नाशिकला जा. औषधं पूर्ण चालू असताना पुन्हा झटका आला, म्हणजे आता हिशोब बदलला. आग्रा रोडने मालेगाव मागे टाकून राहुड घाट चढताना नाना मागच्या सीटवर आडवे होते आणि उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते, पाहुण्याचं लेकरू सांभाळावं तसा. दादा एक शब्द बोलला नाही. ठिबकचं उदाहरण त्याने त्यानंतर कधीच दिलं नाही.

नाशिकला आधी अँजिओ झाली, मांडीतून तार घालून मेंदूची. नाना जागे होते. रंगाचं औषध सोडलं की तोंडात, डोळ्यामागे ऊन पाणी फिरल्यासारखं होतं, असं त्यांनी नंतर हातवारे करून सांगितलं. काचेपलीकडच्या पडद्यावरचा फोटो डॉक्टरांनी आम्हाला दाखवला. करड्या आभाळावर एक काळं झाड. मला पहिल्यांदा पऱ्हाटीच आठवली, बोंडं वेचून झाल्यावर उपटून बांधावर टाकलेली, पानं झडलेली, नुसत्या काटक्या. बुंध्यापासून थोडं पुढे एका जागी ती एकदम बारीक झालेली, कोणी दोरा बांधून आवळल्यासारखी, आणि त्याच्या पुढच्या फांद्या फिकट. लिस्बनमध्ये एगास मोनिझ नावाच्या डॉक्टराने १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतलं हे झाड पहिल्यांदा क्ष-किरणांत बघितलं, हे मी त्या रात्री वाचलं. रात्री तीनला हॉस्पिटलसमोरच्या लॉजवर माणूस काहीही वाचतो. स्टेंट हे नाव लंडनच्या चार्ल्स स्टेंट नावाच्या दंतवैद्यावरून आलं, त्याने दातांच्या मापासाठी एक लुकण बनवलं होतं, हेही वाचलं. आणि मेंदूतल्या या जाळीचा धातू निकेल आणि टायटॅनियमचा, आपला आकार लक्षात ठेवणारा; बारीक नळीत दाबून नेला तरी सोडल्याबरोबर मूळ रूपात येणारा. विसरायला लागलेल्या माणसाच्या डोक्यात आठवण असलेला धातू! अशी वाक्यं रात्री तीनला सुचतात आणि सकाळी त्यांची लाज वाटते. सकाळी फक्त सही करायची असते.

इथले डॉक्टर घाईचे नव्हते. ताज्या झटक्यावर हात घालायचा नाही, म्हणाले. काही आठवडे थांबलो. दरम्यान क्लोपिडोग्रेल ही गोळी नानांच्या शरीरात लागू पडते का हे तपासलं, कारण काहींच्या यकृतात ती कामाचीच होत नाही. मी त्यांनाही चिठ्ठीवरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, ते खरेच आहेत. पण त्या अभ्यासात पुष्कळांवर झटक्यानंतर लवकर हात घातला गेला होता, आणि औषधं पुरी पडतात का हे बघायच्या आधीच. नंतर, २०१९ मध्ये १५२ रुग्णांचा अहवाल आला. औषधं चालू असताना पुन्हा झटके आलेले, मधे थांबून घेतलेले, हात बसलेल्या डॉक्टरांनी केलेले. त्यात ७२ तासांतलं झटक्याचं आणि मृत्यूचं प्रमाण २.६ टक्के होतं. "मग हा आकडा धरायचा का?" दादाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "२०२२ मध्ये चीनमधला अहवाल आला. तिथेही निवडून रुग्ण घेतले, थांबून केलं. धोका कमी झाला, पण औषधांपेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही. तुमच्या वडिलांना औषधाने धरून ठेवलं नाही, पुढच्या भागाला रक्त कमी पडतंय हे स्कॅनमध्ये दिसतंय, म्हणून मी हो म्हणतोय. खात्री म्हणून नाही." एवढं सरळ बोलणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते आम्हाला कळेना. आम्हाला पावती हवी होती ना. मिळत होती, तर हात थरथरत होता.

सही नानांनी स्वतः केली. डाव्या हाताने. दादा म्हणत होता मी करतो, अंगठा चालेल, पण नानांनी कागद ओढून घेतला. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं, रेघेच्या वर-खाली. पाच मिनिटं लागली. नर्स घड्याळाकडे बघत उभी होती आणि मी तिला बघू दिलं.

आत जाण्याआधी डॉक्टरांनी नानांना समजावलं की वाट पूर्ण उघडणार नाही. आधी छोटा फुगा, तोही हळूहळू आणि मुद्दाम थोडा कमीच फुगवायचा, मग जाळी सोडायची, ती आपोआप उघडून भिंत धरून ठेवते. आणि नंतर दोन दिवस प्रेशर दाबून ठेवायचं, कारण इतके महिने कमी रक्तावर जगलेल्या भागात एकदम लोंढा गेला तर आत रक्तस्राव होतो. नानांनी हे ऐकून मान डोलावली आणि डाव्या हाताची चार बोटं जमिनीला समांतर धरून सावकाश वर उचलली. ती खूण मी लहानपणी शंभरदा पाहिली आहे. कोरड्या पाटात पहिलं पाणी सोडताना बंधाऱ्यावरच्या माणसाला लांबून करायची खूण. फळी एवढीच उचल. एकदम नको, बांध फुटेल.

बाहेरच्या दोन-सव्वादोन तासांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोणाचा तरी फोन, वडापावचा वास. मायने पदराचं टोक दातात धरलं होतं. डॉक्टर बाहेर आले, हिरवी टोपी काढली, म्हणाले, झालं, ठीक आहे, भूल उतरू द्या. दादा त्यांच्या पायाच पडला. ते संकोचून बाजूला झाले. मी मात्र आत जाऊन नानांच्या उजव्या हाताकडे बघत बसले. पाय सहा तास सरळ ठेवायचा होता, कमरेखाली हलायचं नाही. चौथ्या तासाला नानांनी उजव्या हाताची तर्जनी उचलली, नाकाच्या शेंड्याला लावली आणि खाजवलं. इतकंच. झटक्यानंतर तो हात रोज थोडाथोडा सुधारतच होता, त्यामुळे हे जाळीमुळे झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. जाळी पुढचा झटका टाळायला असते, गेलेलं परत आणायला नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी रडले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाना घरी होते. माहेरवाशिणी आल्या होत्या, निंबाच्या झाडाला झोका बांधला होता, आणि ओट्यावर नाना गोळ्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते, सोमवार ते रविवार अशा खणांचा. त्याला ते 'फड' म्हणतात. आज कुठल्या फडाचं बारं, असं मायला विचारतात. हा शब्द त्यांचा चुकून आलेला की त्यांनी मुद्दाम केलेला, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पुन्हा तपासणी झाली, जाळी उघडी आहे. तरी कुठला तरी शब्द रोज हरवतो. 'जावई' हरवतो, 'पावती' हरवतो. एकदा माझंच नाव हरवलं. त्यांनी माझ्याकडे बघून 'जळगाव' म्हणून हाक मारली आणि मी 'ओ' दिली. आमच्या गावच्या चार फडांपैकी दोनच आता फडाच्या रीतीने भिजतात, बाकी सगळं विहिरी आणि बोअरवर. पावसाळ्याआधी गाळ काढायला पूर्वी घराला एक माणूस जायचा. या वर्षी नऊ जण आले. नाना काठी टेकत बांधावर जाऊन उभे राहिले आणि कोणी चारीच्या तोंडाशी गाळाचा ढीग टाकला की काठीने जमीन ठोकायचे.

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकला होता. माझ्या मोबाइलमधून मात्र नाही. दादा म्हणतो, उडव, कशाला जिवाला लावून घेतेस. मला उडवता येत नाही. नानांना दाखवावा का, हेही ठरत नव्हतं. शेवटी दिवाळीत त्यांनीच चाळता चाळता तो लावला. शेवटपर्यंत बघितला. मी श्वास धरून. ते म्हणाले, "मीठ कमीच पडेल होतं." आणि पुढच्या फोटोवर गेले.

या वर्षी चंपाषष्ठीनंतर पुन्हा भरीत केलं. तोच मळा, तीच बडगी, वांगी पुन्हा मीच नेली. मीठ या वेळी डॉक्टरांच्या हिशोबाने, म्हणजे नावाला. मोबाइल मी पिशवीतच ठेवला. नाना डाव्या हाताने ठेचत होते, उजवा हात बडगी धरायला. चुलतभाऊ काहीतरी सांगत होता, नानांनी त्याला मधेच तोडलं, "अरे, ते तं..." आणि थांबले. तोंड उघडं. डोळे कुठेतरी लांब. चुलतभावाचा चिमटा हवेत राहिला. माय उठून उभी राहिली, दादाचा हात गाडीच्या चावीकडे गेला, मी नानांच्या ओठाची उजवी बाजू बघत होते आणि मनात घड्याळ चालू केलं होतं. निखाऱ्यावर एक वांगं फुटलं, त्याचा सुस्कारा ऐकू आला.

नानांनी पाण्याचा तांब्या उचलला, घटाघट प्यायले, डोळे पुसले. "मिरची लागनी," म्हणाले. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं.

"हसा ना रे."

कोणाला लगेच हसू आलं नाही.